सतरा नंबरचा फॉर्म

पावसाळ्यात कधीतरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला खासगीरीत्या बसू इच्छिणाऱ्यांनी अमुक तारखेपर्यंत ऑनलाइन नावनोंदणी करावी, अशी. वर कुठल्यातरी मेळाव्याचा फोटो, खाली निधनवार्ता. बहुतेकजण पान उलटतात. पण प्रत्येक गावात, प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत एखाददुसरं माणूस असं असतं की ते ही बातमी दोनदा वाचतं आणि कोणी बघत नाही ना याची खात्री करून पेपर घडी घालून ठेवून देतं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

नव्या सुरुवातीवर बोलणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सभागृहं भरतात, टाळ्या पडतात, मोबाइलवर सकाळी सकाळी सुविचार येऊन पडतात. मला त्या सगळ्याचा थोडा कंटाळा आहे, आणि त्याचं कारण असं की हे लोक सगळा भार मनावर टाकतात. मन खंबीर करा, भीती सोडा, स्वतःवर विश्वास ठेवा. ज्या बाईची शाळा आठवीत सुटली, तिला पुढे शिकायचं तर तिची पहिली अडचण विश्वासाची नसते. तिचा शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या गावातल्या शाळेत असतो, आणि तिथे जाऊन यायला एक अख्खा दिवस मोडतो. तो दाखला आला की अर्धा विश्वास त्याच्याबरोबर येतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून इथे कागदांपासूनच सुरुवात करू. मनाकडे नंतर वळू.

त्याच्याही आधी एक प्रश्न. दहावी कशासाठी हवी आहे? उत्तर द्यायला लाजू नका, पण उत्तर स्वतःला नीट ठाऊक असू द्या. कारण त्यावरून पुढचा मार्ग ठरतो, आणि काही वेळा दहावीची गरजच नाही असंही निघतं. रिक्षा किंवा टेम्पो चालवायचा परवाना काढायला आठवी पास लागतं असं समजून कित्येकजण अजून अडून बसलेले असतात. ती अट केंद्र सरकारने २०१९मध्ये काढून टाकली. आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर असे काही ट्रेड आठवी पासवर मिळतात. उलट अंगणवाडीत सेविका किंवा मदतनीस म्हणून लागायचं असेल तर २०२३पासून बारावी लागते, म्हणजे दहावी ही तिथे अर्धीच वाट झाली. आखाती देशांत कामाला जायचं असेल तर दहावीचा फार मोठा उपयोग आहे. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागेल अशी नोंद येत नाही. ही नोंद असली की आखाती देशांत नोकरीला जाताना एक जास्तीचा सोपस्कार आणि एजंटाची एक जास्तीची फी मागे लागते. कोकणातल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

आणि यातलं काहीच नसेल, नुसतं "राहून गेलं" एवढंच कारण असेल, तर? तेही चालतं. मला तर ते सगळ्यांत टिकाऊ कारण वाटतं. नोकरीसाठी बसलेल्या माणसाला ती नोकरी दुसऱ्या वाटेने मिळाली की पुस्तक बंद होतं. राहून गेल्याची बोच असलेला माणूस सहसा परीक्षा देऊनच थांबतो.

आता कागद. राज्य मंडळाच्या परीक्षेला शाळेत न जाता बसायचं असेल तर जो अर्ज भरावा लागतो त्याला सगळे "सतरा नंबरचा फॉर्म" म्हणतात. दहावीसाठी किमान पाचवी पास असणं आणि वयाची चौदा वर्षं पूर्ण झालेली असणं ही अट आहे. वयाला वरची मर्यादा नाही. बारावीला बसायचं तर दहावी होऊन दोन वर्षं उलटलेली हवीत. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्यात घराजवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, आणि मग कागद घेऊन त्या शाळेत जायचं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, लातूर, कोल्हापूर आणि कोकण अशी मंडळाची नऊ विभागीय कार्यालयं आहेत. पण सहसा तिथवर जायची वेळ येत नाही, काम संपर्क केंद्राच्या शाळेतच होतं. अर्ज ऑनलाइन आहे म्हणून घाबरू नका. कुठल्याही सायबर कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. फक्त भरून झाल्यावर स्वतःचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख तुम्ही स्वतः अक्षर न् अक्षर वाचा. तिथला मुलगा घाईत असतो, आणि एक वेलांटी चुकली की ती पुढे गुणपत्रिकेवर छापून येते.

मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर शाळेकडून दुय्यम प्रत घ्यावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शाळेत जाताना एवढं लक्षात ठेवा: तुम्ही कोणत्या वर्षी शाळा सोडलीत हे निदान अंदाजाने सांगता आलं पाहिजे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात आणि कारकुनाला तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर माळ्यावरून काढावं लागतं. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीचा दाखला असेल तर त्याची झेरॉक्स बरोबर न्या. तिच्या रजिस्टर क्रमांकाच्या आसपास तुमचा क्रमांक सापडतो. शाळा बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारायचं.

बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ हमखास होतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. कोणीतरी सांगतं की आधी राजपत्रात नाव बदलून घ्या, आणि त्या एका सल्ल्यापायी वर्ष निघून जातं. माझं मत विचाराल तर शाळेच्या कागदांवर शाळेतलंच नाव राहू द्यावं. दाखल्यावर जे नाव आहे त्याच नावाने परीक्षा द्यावी आणि दोन्ही नावांची माणसं एकच आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं. ते नसेल तर मात्र आधी ते काढून घ्या. त्याचा उपयोग पुढे पासपोर्टपासून बँकेपर्यंत सगळीकडे आहे.

मंडळाचा मार्ग सोयीचा नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिला लोक एनआयओएस म्हणून ओळखतात. ही केंद्र सरकारची संस्था १९८९पासून आहे. तिथे दहावीला पाच विषय पुरतात, ते आपल्याला निवडता येतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. म्हणजे एका वेळी दोन विषय, पुढच्या वेळी आणखी एक, असं सावकाश करता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. दुकान चालवणाऱ्या, पाळीत काम करणाऱ्या, घरी आजारी माणूस असलेल्या कोणालाही मी हाच मार्ग सुचवीन. राज्य मंडळाची परीक्षा मात्र पहिल्या वेळी सगळ्या विषयांना एकदम बसून द्यावी लागते. तिचा फायदा वेगळा: पुस्तकं, गाईडं, शिकवणारी माणसं आणि जुन्या प्रश्नपत्रिका गावोगाव मिळतात, आणि घरातली पोरं तोच अभ्यासक्रम शिकत असतात.

या दोन्हींच्या बाहेर एक तिसरी मंडळीही भेटतील. "परीक्षेला बसायची गरज नाही, तीन महिन्यांत थेट दहावी पास" अशी त्यांची जाहिरात रिक्षाच्या पाठीवर किंवा विजेच्या खांबावर असते. परराज्यातल्या कुठल्यातरी भारदस्त नावाच्या बोर्डाचं प्रमाणपत्र ते देतात आणि पहिल्याच नोकरीच्या पडताळणीत ते बाद होतं. पैसे जातात ते जातात, शिवाय खोटं प्रमाणपत्र दाखल केल्याचा डाग लागतो. परीक्षा न घेता जो पास करून देतो त्याच्या दारात उभंही राहू नका.

मुंबईत राहत असाल तर रात्रशाळा हा फार जुना आणि फार चांगला मार्ग आहे. गिरणगावात दिवसा कामाला जाणारी मुलं संध्याकाळी तिथे बसून मॅट्रिक झाली. गिरण्या गेल्या, पण कॅन्टीनमध्ये, गॅरेजमध्ये, कुरिअरवर काम करणारी मुलं आजही रात्रशाळेच्या बाकांवर असतात. ही कल्पना तर त्याहून जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५मध्ये पुण्यात शेतकरी आणि कष्टकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला आपल्याकडे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. तेव्हा वर्गात शिरताना आपण काही विचित्र करतो आहोत, असं वाटून घ्यायचं कारण नाही.

फॉर्म भरला. आता अभ्यास. इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण मोठी माणसं अभ्यास ज्या पद्धतीने सुरू करतात ती मला चुकीची वाटते. ती सगळी पुस्तकं एकदम आणतात, कव्हरं घालतात आणि गणितापासून सुरुवात करतात, कारण गणिताचीच भीती असते. पंधरा दिवसांत गणित त्यांना हरवतं आणि मराठीचं पुस्तक न उघडताच राहतं.

त्याऐवजी सुरुवात मराठीपासून करा. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन नावाचा भाग असतो: पत्र, बातमी, जाहिरात, सारांश. ज्या बाईने बचत गटाचे ठराव लिहिले आहेत, ज्या माणसाने पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेला अर्ज केले आहेत, त्याला हे आधीच येतं. त्याला फक्त मायना कुठे आणि विषय कुठे हे शिकायचं असतं. पहिल्याच महिन्यात एक विषय आपल्या आवाक्यातला आहे असं दिसलं की बाकीच्यांकडे बघायची नजर बदलते.

भूगोलाचं सध्याचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करतं. स्थान, हवामान, नद्या, लोकसंख्या, पर्यटन, सगळं दोघांचं शेजारी शेजारी. ज्याने फुटबॉल पाहिला आहे, कॉफी प्यायली आहे, त्याला हे पुस्तक एखाद्या प्रवासवर्णनासारखं वाचता येतं. इतिहासातही सनावळ्यांचं ओझं पूर्वीइतकं नाही. प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, वारसा यांच्यावर धडे आहेत. मोठ्या माणसाने ही पुस्तकं आधी नुसती वाचून काढावीत, पाठांतराचा विचारही न करता. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, पण माझा आग्रह कागदी पुस्तकाचा आहे. मोबाइल हातात आला की पाच मिनिटांत कोणाचा तरी वाढदिवस निघतो.

गणिताची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण तिचा आकार नीट पाहावा. बीजगणिताचा पेपर चाळीस गुणांचा, भूमितीचा चाळीस, आणि वीस गुण शाळेकडच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. पास व्हायला शंभरातले पस्तीस पुरतात. बीजगणितात एकूण सहा प्रकरणं: दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. यातल्या अर्थनियोजनात जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड आहेत. किराणा दुकानाचं बिल करणाऱ्याला, भिशी चालवणारीला पंधरा वर्षांच्या मुलापेक्षा हे प्रकरण लवकर कळतं. भूमितीत महत्त्वमापन म्हणजे क्षेत्रफळं आणि घनफळं. गवंडी, सुतार, शिंपी यांच्या हाताला ती ठाऊकच असतात, फक्त सूत्राच्या रूपात नसतात. भौमितिक रचनांना पाठांतर लागत नाही, कंपास आणि सराव लागतो. म्हणून क्रम असा धरा: अर्थनियोजन, संभाव्यता, भौमितिक रचना, महत्त्वमापन. प्रमेयं आणि त्रिकोणमिती शेवटी, आणि नाहीच जमली तरी आकाश कोसळत नाही.

इंग्रजीला एकच उपाय आहे, तो म्हणजे रोज. आठवड्याला तीन तास एकदम बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं. धडा मोठ्याने वाचावा, घरात कोणी हसलं तरी.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पहिली हाताची. वीस-पंचवीस वर्षं सही आणि किराण्याची यादी यापलीकडे न लिहिलेला हात भाषेच्या पेपरात तीन तास चालत नाही. बोटं आखडतात, अक्षर फाकतं, आणि उत्तर येत असूनही पेपर सुटून जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज एक पान लिहा. काहीही लिहा, पुस्तकातला उतारा उतरवून काढला तरी चालेल. दुसरी गोष्ट डोळ्यांची. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं आणि अनेकजण त्यालाच "आता डोक्यात शिरत नाही" असं समजतात. संध्याकाळी डोकं दुखत असेल तर अभ्यास सोडण्याआधी डोळे तपासून घ्या. चष्मा लागल्यावर बुद्धी परत आलेली माणसं मला माहीत आहेत.

वेळेचं काय? सकाळी पाचला उठा असं सांगणं सोपं आहे. ज्या बाईचा दिवस आधीच पाचला पाणी भरण्यापासून सुरू होतो तिला हा सल्ला म्हणजे थट्टा आहे. तिने आपल्या दिवसात असा तुकडा शोधावा ज्यावर सहसा कोणी हक्क सांगत नाही. कोणाची ती दुपारी जेवणं आटोपल्यावरची वेळ असते, कोणाची लोकलमधली, कोणाची कुकरच्या शिट्ट्यांमधली. तो तुकडा अर्ध्या तासाचा असला तरी चालेल, पण रोज तोच हवा आणि घरच्यांना तो ठाऊक हवा. "आईचा तास आहे" हे मुलांच्या तोंडी बसायला महिना-दीड महिना लागतो. बसलं की मग तीच राखण करतात. घरात दहावीतलं पोर असेल तर त्याच्याच शेजारी बसा. आईला समीकरण समजावताना त्याचं स्वतःचं पक्कं होतं, आणि दोघांच्या भांडणातून दोघांचाही अभ्यास होतो.

आता लाजेकडे येऊ. पुरुषांना ती जास्त छळते, असा माझा अनुभव आहे. बाईला घरचे फार तर म्हणतात, "आता काय कलेक्टर व्हायचंय का?" आणि ती हसून विषय बदलते. पण चांगला धंदा असलेला, गावात मान असलेला माणूस आपण नववी नापास आहोत हे बायकोलाही सांगत नाही. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण या रकान्यात तो काहीतरी गोलमाल लिहितो. त्याला मी सांगतो की सुरुवातीला कोणालाही सांगू नका, एकाच माणसाला सांगा. तो माणूस असा निवडा की जो दर आठवड्याला "कुठवर आलं?" असं विचारील आणि उत्तर ऐकून सल्ला देणार नाही. मित्रमंडळाला फॉर्म भरल्यावर सांगायचं का, निकालानंतर सांगायचं, का कधीच नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. घोषणा करून टाकली की लोक आधीच कौतुक करतात, आणि कौतुक मिळालं की काम झाल्यासारखं वाटतं.

परीक्षेच्या दिवशी पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये बसावं लागेल, हे खरं आहे. त्याआधी अंतर्गत मूल्यमापनासाठी, तोंडीसाठी, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी संपर्क केंद्राच्या शाळेत जावंच लागेल. ते टाळू नका. ते वीस गुण कित्येकांना तारतात. मुलं पहिल्या दिवशी बघतात, कुजबुजतात, "काका, तुम्ही पर्यवेक्षक आहात का?" असंही विचारतात. दुसऱ्या पेपरला त्यांना त्यांच्याच पेपरची चिंता असते.

पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट या ठिकाणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण ती आपण जवळजवळ विसरलो आहोत. १८७०मध्ये देवरूखला त्यांचा जन्म झाला. लहानपणी लग्न, विशीत वैधव्य, पदरात मूल. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे या त्यांच्या थोरल्या बहीण. कर्व्यांच्या आधाराने पार्वतीबाई मोठ्या वयात शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमात शिकवू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. भाषणं त्या मराठीत करत. इंग्रजी येत नसल्याची खंत त्यांना होती. ती दूर करायला आणि आश्रमासाठी मदत मिळवायला त्या १९१८मध्ये, चाळिशी केव्हाच उलटली असताना, एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे पोट भरण्यासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. परत आल्यावर पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या, आणि पुढे "माझी कहाणी" हे आत्मचरित्र लिहिलं. मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांच्या हिशेबीपणाचं जास्त कौतुक वाटतं. त्यांना काय हवं आहे ते नेमकं माहीत होतं: एक भाषा आणि एका संस्थेसाठी पैसे. त्यापायी परक्या घरात भांडी घासायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन, शेतातली आणि घरातली कामं आटोपून दुपारी शाळेत येऊ लागल्या. त्यांना कोणतीही नोकरी मिळवायची नव्हती. पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढ्यासाठी. तुमच्या घरात अक्षरओळख नसलेलं कोणी असेल तर हेही लक्षात ठेवा की पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी "उल्लास" हा सरकारी साक्षरता कार्यक्रम सध्या चालू आहे आणि त्याची चौकशी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत करता येते.

नापास झालात तर? एखाददुसऱ्या विषयात गेलात तर पुरवणी परीक्षा सहसा जुलैच्या आसपास, निकालानंतर लवकरच असते. तिला बसाच, कारण अभ्यास ताजा असतो. सुटलेले विषय पुन्हा द्यायचे नसतात, राहिलेले तेवढेच द्यायचे. मोठ्या माणसाचं नापास होणं आणि पोराचं नापास होणं यात एक फरक आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे: तुम्हाला कोणी मारणार नाही, घराबाहेर काढणार नाही, तुमचं वर्ष वाया गेलं असंही म्हणणार नाही. तुमचं दुकान, तुमची नोकरी, तुमचं घर जिथल्या तिथे असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण दहावी झालेल्याला रस्ता आपोआप दिसू लागतो. बारावीनंतर पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत आणि मराठीतून शिकता येतं. देशपातळीवरचं इग्नू १९८५पासून आहे. तिथे तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत सावकाश पूर्ण करता येते. कुठेही प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, एवढं पाहून घ्या.

या सगळ्यातून माणूस बदलतो का? बदलतो, पण व्याख्यानात सांगतात तसा नाही. मी पाहिलेला बदल लहान आणि ठोस आहे. बँकेत फॉर्म भरताना माणूस शेजारच्याला विचारत नाही. मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत मागच्या खुर्चीवरून पुढे येतो. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद उलटसुलट वाचतो आणि प्रश्न विचारतो. घरात एखादा निर्णय चालला असेल तर "मला काय कळतंय" हे वाक्य त्याच्या तोंडून कमी येतं. पगार वाढतोच असं नाही, आणि तो वाढेल असं आश्वासन मी देणार नाही.

यंदाची मुदत गेली असेल तरी दाखल्याचं काम आत्ताच उरका, कारण तेच सगळ्यांत जास्त वेळ खातं. शाळेचं कार्यालय सकाळच्या सत्रात गाठा, सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस टाळा. आधार कार्ड आणि दोन फोटो बरोबर ठेवा. आणि दाखला हातात आला की आधी त्याच्या चार झेरॉक्स काढा, कारण मूळ प्रत पुढे संपर्क केंद्रात जमा करावी लागते.